स्टाव्रोसच्या चाळिसाव्याची खीर

आमच्या शेजारचा स्टाव्रोस वारला, आणि त्याच्या चाळिसाव्या दिवसासाठी त्याच्या बायकोने शिजवलेल्या गव्हाची आम्ही खीर केली.

खरं तर एवढं सांगून मी गप्प बसायला हवं. पण गप्प बसणं हा माझा गुण नाही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी आई म्हणते. (माझा नवरा मकरंद म्हणतो, शेंड्यापर्यंत पोचायला तरी त्याला वेळ कुठे असतो!) आम्हाला न्यूझीलंडात, लोअर हटमध्ये येऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षांत माझ्यापेक्षा रागीट असा एकच माणूस मला भेटला, आणि देवाने तो नेमका माझ्या कुंपणापलीकडे ठेवला होता.

आम्ही घरात शिरलो त्याच दिवशी पहिलं भांडण झालं. मी कचऱ्याची बिन फुटपाथवर नेऊन ठेवली आणि वळले, तर मागून आरोळी.

"ए बाई! बिन अशी ठेवतात?"

बघते तर बनियन, पायात जँडल्स (इथे रबरी सपातांना म्हणतात), पांढऱ्या मिशा आणि हातात झाडं छाटायची कात्री. मी म्हटलं, "मग कशी ठेवतात?"

"मूठ घराकडे! वारा इकडून येतो! उद्या तुझा कचरा माझ्या द्राक्षांवर!"

"मी आजच आले आहे!"

"वारा माझ्याआधीपासून आहे!"

मी बिन फिरवली नाही. सकाळी उठून पाहिलं, तर आमच्या केळ्यांच्या साली त्याच्या द्राक्षाच्या वेलावर लोंबत होत्या, आणि कुंपणावर आईस्क्रीमचा दोन लिटरचा रिकामा डबा होता. रिकामा म्हणजे, आईस्क्रीमच्या दृष्टीने रिकामा. आत लिंबं होती. निळ्या झाकणाचा डबा. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी काहीतरी पाठवायचं, ही त्याची रीत. आणि आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही माझी. त्यामुळे तो डबा बारा वर्षं कुंपणावरून ये-जा करत होता. तिकडून लिंबं, अंजिरं, ऑलिव्ह. इकडून चकल्या, शिरा, एकदा रागाच्या भरात नुसतं मिरचीचं लोणचं. (ते त्याने पावाला लावून संपवलं आणि डबा वाजवत आणखी मागायला आला.)

आता हा माणूस कोण, ते सांगते. एकोणीस वर्षांचा असताना ग्रीसच्या कुठल्याशा बेटावरून बोटीने निघाला. मामाचं इथे फिश अँड चिप्सचं दुकान होतं. बोटीवर सबंध वेळ उलट्या, आणि उतरल्यावर मामाने हातात बटाटे सोलायचा चाकू दिला. "चार वर्षं मी ह्या देशाचं फक्त पोतं बघितलं," असं तो सांगायचा. मग स्वतःचं दुकान, ते तीस वर्षं चालवलं. एलेनी गावाकडून लग्न करून आली. तीन मुलं झाली, तिघंही शिकून मेलबर्नला गेली, आणि ह्याचा त्याला इतका अभिमान आणि इतका राग होता, की दोन्ही एकाच वाक्यात यायचे. "माझा थोरला इंजिनियर आहे, गाढव, रविवारी फोन करत नाही!" गिऱ्हाइकांवर ओरडला, मुलांवर ओरडला, वाऱ्यावर ओरडला. पण भूकंपाचा मोठा धक्का बसला तेव्हा स्वतःचं घर सोडून हाच आमच्या दारात उभा होता, इराला कडेवर घेऊन, आणि आमच्यावर ओरडत होता की तुम्ही पँट कसल्या शोधताय! इरा म्हणजे माझी मुलगी. तेव्हा चार वर्षांची होती. तेव्हापासून ती त्याला पापू म्हणते, म्हणजे त्यांच्या भाषेत आजोबा.

मी फार्मसिस्ट. त्यामुळे तो मला डॉक्टर म्हणायचा आणि माझं एकही ऐकायचा नाही. त्याला डायबेटिस होता. एलेनीने घरात साखर बंद केली होती. मी कुंपणावरून दम द्यायचे. "शुगर किती आली आज?" तो म्हणायचा, "तुझ्या तोंडात असते त्याच्यापेक्षा जास्त!"

तर, शेवटचं भांडण.

माझा कढीपत्ता होता. होता! न्यूझीलंडात, त्यातही ह्या हटच्या थंडीत, कढीपत्ता वाढवणं म्हणजे काय ते ज्याने वाढवलाय त्यालाच ठाऊक. अकरा वर्षं मी त्याला पोटच्या पोरासारखा जपला. थंडीत घरात, उन्हात बाहेर, रात्री जुनी शाल. जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, एक दिवस जरा ऊन पडलं म्हणून कुंडी बाहेर ठेवून मी कामावर गेले. संध्याकाळी येऊन बघते, तर कुंडीत वीतभर खुंट. वर एक पान नाही! आणि कुंपणापलीकडे कात्री हातात घेऊन म्हातारा विजयी मुद्रेने उभा.

"अर्धा मेलेला होता. छाटला! जुलैत सगळं छाटायचं. वसंतात बघ कसा फुटतो!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काही मराठीत होतं म्हणून बरं. शेवटी म्हटलं, "आजपासून तुझं माझं बोलणं बंद!"

दुसऱ्या दिवशी कुंपणावर निळ्या झाकणाचा डबा आला. लिंबं. मी डबा घेतला आणि परत पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी तो हाका मारत होता, मी खिडकी लावून घेतली. आठव्या दिवशी दुपारी तो बागेतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. चौऱ्याऐंशी वय, हार्ट. कात्री मांडीवर. शुगर शेवटपर्यंत उत्तम होती, ह्याचाही मला राग आहे.

भांडण अर्धवट टाकून असं कुणी जातं का? आणि तेही पाळी माझी असताना! डबा माझ्या कपाटात, लिंबं सुकून गेलेली, आणि हा माणूस बिनदिक्कत निघून गेला. मी चाळीस दिवस चिडलेली होते. कामावर चिडले, मकरंदवर चिडले. आई मे महिन्यापासून मिरजेहून राहायला आली होती, तिच्यावर तर रोजच चिडले.

चाळिसावा रविवारी होता. त्यांच्यात त्या दिवशी चर्चमध्ये शिजवलेले गहू नेतात. गहू उकडायचे, चादरीवर पसरून कोरडे करायचे, त्यात बदाम, बेदाणे, डाळिंबाचे दाणे घालायचे, मोठ्या ताटात डोंगर रचायचा, वरून पिठीसाखरेचा थर, त्यावर गेलेल्याच्या नावाचं अक्षर. पाद्री मंत्र म्हणतात आणि मग तो सगळ्यांना वाटायचा. एलेनीचं घर मेलबर्नच्या मुलानातवंडांनी भरलेलं. गहू पसरायला जागा नाही. शनिवारी सकाळी ती उकडलेले गहू घेऊन आमच्याकडे आली, पांढरी चादर अंथरली, आमच्या जेवणाच्या टेबलावर गहू पसरले आणि माझा हात धरून म्हणाली, "चाळीस दिवस तो इथेच फिरतोय. उद्या जाणार. हे त्याच्यासाठी. कुणी हात लावायचा नाही, हं?"

मी म्हटलं, "माझ्यावर सोड."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. शुक्रवारी आई मला म्हणाली होती, "काही म्हण, पण मरणाऱ्या माणसाशी अबोला धरतात का गं?"

"मला काय माहीत तो मरणार आहे ते!" मी किंचाळले. "आता तुझ्याशीही बोलणं बंद!"

म्हणजे शनिवारी सकाळी माझा आईशी अबोला होता. आई स्वयंपाकघरात, मी चार पावलांवर. सांगायचं होतं एक वाक्य. पण अबोला म्हणजे अबोला! मी मकरंदला सांगितलं, "आईला सांग, ते गहू स्टाव्रोसच्या चाळिसाव्याचे आहेत, हात लावू नको." आणि ड्युटीवर गेले.

मकरंदला क्रिकेटच्या नेटला उशीर होत होता. त्याने इराला सांगितलं. इराने हेडफोन काढले की नाही, देव जाणे. तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. तिने आजीला काय सांगितलं ते मी नंतर वदवून घेतलं. "आजी, द व्हीट इज फॉर पापू. फॉर टुमॉरो."

बस्स. हात लावू नको हे राहिलंच.

तीनला घरी आले, तर दारातच वेलदोड्याचा वास. आत धावले. टेबलावर चादर, चादरीवर काही नाही. गॅसवर घरातली सगळ्यात मोठी दोन पातेली, रटरट, रटरट. आणि आई डाव घेऊन उभी, चेहरा असा की जणू सत्यनारायण आटोपला.

अबोला वगैरे विसरून मी ओरडले, "आई! हे काय केलंस!"

"खीर. गूळ, नारळाचं दूध, सुंठ, जायफळ, सगळं घातलंय. खसखस मात्र तुमच्याकडे नाही."

"ते गहू स्टाव्रोसच्या चाळिसाव्याचे होते!"

"मग? तेच तर! इरा म्हणाली ना, त्यांच्यासाठी, उद्यासाठी. माणूस गेला की त्याच्या दिवसाला त्याला आवडायचं ते करतात. का तेवढंही विसरलीस इथे येऊन?"

मिरजेत कुणालाही विचारा, आईच बरोबर. मी हटमध्ये होते, आणि तासाभरात एलेनी गहू हलवायला येणार होती.

मकरंदला फोन केला. "असशील तिथून निघ! इंडियन दुकानातून गहू आण! कुकरला लावते!"

वीस मिनिटांत तो आला. हातात दहा किलोची कणीक.

"मकरंद! ही कणीक आहे!"

"अगं, गव्हाचीच आहे!"

"आख्खे! आख्खे गहू!"

परत गेला. ह्या वेळी दलिया आणला. म्हणाला, "हे बघ, दिसतात तरी." मी दलियाची पिशवी त्याच्या अंगावर फेकली. ती फुटली. इरा खोलीतून बाहेर आली, इकडे तिकडे बघून म्हणाली, "ममा, यू नीड टु चिल," आणि त्याच वेळी दारावर टकटक.

एलेनी आत आली. काळे कपडे, पदरासारखी शाल. तिने रिकामी चादर बघितली. पातेली बघितली. जमिनीवरचा दलिया बघितला.

एलेनीला मी बारा वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या घरात ओरडायचं काम स्टाव्रोसकडे होतं. आणि ती जी सुरू झाली! आधी ग्रीकमध्ये, मग इंग्रजीत. "माझा नवरा दारात उभा आहे! उद्या जाणार! काय घेऊन जाईल? सांग मला, काय घेऊन जाईल? एकच गोष्ट सांगितली होती तुला! एकच!"

मी आईवर ओरडले, "बघ! बघ काय केलंस!" आई माझ्यावर ओरडली, "मूग गिळून गेलीस सकाळी, आणि माझ्यावर डाफरतेस?" मकरंद मध्ये पडला, त्याच्यावर आम्ही तिघी ओरडलो. बाहेरून पोस्टमन गेला, त्याने मान खाली घालून वेग वाढवला.

आईला इंग्रजी येत नाही. पण रडणारं माणूस तिला बरोबर कळतं. तिने एक वाटी भरली, चमचा घातला, एलेनीला खुर्चीत बसवलं आणि वाटी तिच्या हातात दिली. "घ्या. स्टावरोभाऊंना फार आवडायची."

"काय म्हणते ती?" एलेनीने विचारलं.

"म्हणते, त्याला हे आवडायचं."

एलेनीने मान वर केली. "त्याने हे कधी खाल्लं?"

खरंच, कधी खाल्लं?

"आई, तू स्टाव्रोसला खीर कधी दिलीस?"

आईने नजर चुकवली. पकडला गेलेला चोर चुकवतो तशी. "कधी म्हणजे काय... रोजच. तू ड्युटीला गेलीस की मागच्या दाराने यायचे बिचारे. मी दलियाची करायचे. एकच वाटी हं. छोटी."

"आई! त्याला डायबेटिस होता!"

"म्हणून तर साखर नाही, गूळ घालायचे!"

मी फार्मसिस्ट! बारा वर्षं त्या माणसाच्या शुगरवर पहारा देणारी! आणि माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच आईने! मी कपाळावर हात मारून घेतला. मग एकदम काहीतरी आठवलं.

"रोज म्हणजे... माझा अबोला होता तेव्हासुद्धा?"

"तेव्हा तर आणखी लवकर यायचे. इथेच, तुझ्या खुर्चीत बसायचे. तुझ्या खोलीकडे बोट करून, डोक्यावरून वाफ निघाल्यासारखा हात करून विचारायचे, की अजून तापलेलीच आहे का? मी मान हलवायचे. की जे हसायचे, जे हसायचे, ठसका लागायचा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू बोलू देतेस का कुणाला?"

मी एलेनीच्या समोर जमिनीवर बसले, दलियातच. आणि भडाभडा सगळं सांगितलं. की मी शेवटचे आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या हाका ऐकून खिडकी लावली. लिंबं सुकवली. आणि गव्हाचं एक वाक्य आईला स्वतः सांगितलं नाही, ते का. मला रडू येत होतं आणि रडू येतंय ह्याचा रागही येत होता.

एलेनीने नाक पुसलं. खिरीचा एक घास खाल्ला. मग दुसरा. म्हणाली, "मला वाटायचं, सकाळी कुठे जातो हा? म्हणायचा, फिरायला जातो." तिसरा घास. "पन्नास वर्षं. मला वाटलं मला सगळं माहीत आहे." आणि ती हसायला लागली, रडता रडताच. मग वाटी ठेवून परत ओरडली, "पण माझे गहू!"

तेवढ्यात आईने फ्रिज उघडला. "अहो, सगळे कुठे घातलेत मी? पातेल्यात मावले नाहीत तेवढे ठेवलेत की. उद्या इराला उसळीसारखे परतून देणार होते." आणि तिने टेबलावर डबा ठेवला. आईस्क्रीमचा. निळ्या झाकणाचा.

एलेनीने झाकण उघडून बघितलं. जेमतेम दोन लिटर गहू.

"पुरतील?" मी विचारलं.

"डोंगर नाही होणार," ती म्हणाली. "टेकडी होईल. होऊ दे. आयुष्यभर त्याने फार जागा अडवली."

रविवारी चर्चमध्ये परातीएवढ्या चांदीच्या ताटात ती एवढीशी टेकडी गेली, त्यावर साखरेत बदामांनी काढलेलं त्याचं अक्षर. वाटताना माणशी चमचाभर आले. पण बाहेरच्या हॉलमध्ये कॉफीच्या कपांत खीर होती, आईच्या देखरेखीखाली, आणि तिथे रांग लागली. पाद्रींनी दोन कप घेतले. मेलबर्नचा इंजिनियर, तो रविवारी फोन न करणारा, चार कप खाऊन कोपऱ्यात जाऊन रडला. मी त्याला काही बोलले नाही. (बोलणार होते. मकरंदने माझा हात धरून ठेवला.)

आणि कढीपत्ता? वसंत आला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर लागला. खुंट तसाच. एक कोंब नाही. म्हणजे मी बरोबर होते, आणि म्हातारा चूक! अकरा वर्षांच्या कढीपत्त्याच्या जिवावर मी हे भांडण जिंकले, आणि कुंपणापलीकडे ते ऐकायला कुणी नाही. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

पण चर्चनंतरचा सोमवार सांगायचा राहिला. सकाळी खिडकी उघडली, तर कुंपणावर निळ्या झाकणाचा डबा. धावत गेले, उघडला.

रिकामा! स्वच्छ घासून, पुसून, रिकामा! बारा वर्षांत जे कधी घडलं नाही ते! मी तशीच गाऊनवर तरातरा निघाले भांडायला.

एलेनी द्राक्षाखाली उभी होती. मी तोंड उघडायच्या आत तीच ओरडली, अगदी त्याच्याच सुरात, "बघतेस काय? भर! खीर संपली!"

मी डबा छातीशी धरून घरात आले. आई माझ्याकडे पाठ करून चहा गाळत होती. शनिवारी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, त्याबद्दल मी अजून एक शब्द काढला नव्हता. सवयीने मी इराला हाक मारली, "इरा, आजीला सांग..." आणि जीभ चावली. नाही. आता स्वतः बोलायचं. शहाणपण येतं माणसाला, उशिरा का होईना. मी आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आवाज होता होईल तेवढा मऊ केला आणि म्हटलं, "आई, चुकलं माझं. एलेनीला खीर हवी आहे. करशील?"

आईने चहा गाळून संपवला. गाळणं धुऊन जागेवर लावलं. मग माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "इरा, तुझ्या आईला सांग, गहू संपलेत."